पराग, शिंका आणि रस्त्यावरचीं झाडें

दसरा-दिवाळीचे दिवस आले कीं पुण्याच्या कित्येक रस्त्यांवर संध्याकाळीं सप्तपर्णीचा उग्र-गोड दरवळ पसरूं लागतो. त्याच सुमारास घरोघर शिंका, डोळ्यांची खाज आणि रात्रींचा खोकला यांनाही सुरुवात होते. दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या म्हणजे पहिली हीच दुसरीचें कारण, असें अनुमान काढण्याची मनुष्याला फार घाई असते. मग गल्लींत कागद फिरतो, खालीं सह्या होतात, आणि 'आमच्या मुलांच्या प्रकृतीस अपायकारक असलेलीं हीं झाडें तोडावींत' असा अर्ज महानगरपालिकेच्या कचेरींत जाऊन पडतो. अर्ज करणारे लोक कांहीं झाडांचे वैरी नसतात. ज्या घरांतलें मूल मध्यरात्रीं अंथरुणांत उठून बसतें आणि धापा टाकतें, त्या घरच्या आईबापांना सावलीचें कौतुक सांगून काय उपयोग? त्यांना उत्तर हवें असतें. तें उत्तर खरें असावें, एवढ्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

प्रथम पराग म्हणजे काय तें पाहूं. फुलाच्या मध्यभागीं जे बारीक तंतु दिसतात, त्यांतील पुंकेसरांच्या टोकांशीं इवल्या पिशव्या असतात. त्या पिकून फुटल्या कीं जी पिवळसर भुकटी बाहेर पडते, तीच पराग. बहुतेक जातींचे परागकण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून दहाव्या हिश्शापर्यंतच भरतात. हा कण त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर जाऊन पडला म्हणजे फळ धरतें. झाडाला पाय नाहींत; तेव्हां हा निरोप पोंचविण्यासाठीं त्याला जासूद लागतो. असे जासूद मुख्यतः दोन प्रकारचे. एक कीटक-पांखरें, आणि दुसरा वारा. आपल्या शिंकांचा बराचसा उलगडा या दोन जासुदांमधील फरकांत आहे.

ज्या झाडानें मधमाशी, फुलपांखरूं किंवा पतंग यांच्यावर भरंवसा ठेवला, त्याला गिऱ्हाईक बोलवावें लागतें. म्हणून त्याचीं फुलें रंगीत, सुवासिक, मधानें भरलेलीं असतात. त्याचा पराग जड आणि चिकट असतो, म्हणजे तो कीटकाच्या अंगाला नीट लागून राहतो. आणि तो थोडका असला तरी भागतें, कारण जासूद थेट पत्त्यावर जातो. वाऱ्याचा मात्र नेम नाहीं. तो कोणाचें पत्र कोणाच्या दारांत टाकील हें सांगतां येत नाहीं. म्हणून वाऱ्यावर विसंबणारी वनस्पति एका पत्राऐवजीं लाखों पत्रें सोडते. त्यांतील एखादें ठिकाणीं पोंचतें. बाकीचीं रस्त्यावर, गच्चीवर आणि आपल्या नाकांत येऊन पडतात. अशा वनस्पतीला रंग नको, गंध नको, मध नको. तिचीं फुलें हिरवट, करडीं, बारीक असतात. कित्येकांना पाकळ्याही नसतात. यावरून एक ढोबळ नियम आपल्याला बांधतां येईल: जें फूल नजरेंत भरतें, त्याचा पराग बहुधा हवेंत फारसा नसतो, आणि जें फूल आहे हेंच आपल्याला कळत नाहीं, त्याचा पराग हवेंत भरून राहिलेला असतो.

पण हा पराग सर्वांच्याच नाकांत जातो, मग शिंका एकालाच कां? आपल्याकडे एखाद्याला वांगें किंवा कोळंबी सोसत नसली, तर त्याला त्या पदार्थाचें वावडें आहे असें म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकांतील अ‍ॅलर्जी ही स्थूलमानानें हेंच वावडें होय. हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगवैद्यानें १९०६ सालीं प्रचारांत आणला. आपल्या शरीरांत रोगजंतूंशीं झुंजणारें एक पहारेकऱ्यांचें दल आहे. कित्येकांच्या शरीरांत, विशेषतः ज्यांच्या कुळांत ही प्रवृत्ति आहे त्यांच्यांत, हे पहारेकरी निरुपद्रवी परागालाच शत्रु समजून बसतात. मग त्या परागाविरुद्ध 'आय-जी-ई' नांवाचें एक प्रतिद्रव्य रक्तांत तयार होतें. त्याचा शोध इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ पति-पत्नींनीं १९६६ सालीं अमेरिकेंत लावला. हें प्रतिद्रव्य नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरांतील कांहीं विशिष्ट पेशींवर चिकटून राहतें. पुढच्या खेपेस तोच पराग आला कीं त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन नांवाचें द्रव्य बाहेर टाकतात. त्यानेंच नाक चुळचुळतें, पाणी वाहतें, डोळे लाल होतात. अखंड परागकण मोठा असल्यामुळें बहुधा नाकांतच अडतो. पण ओलाव्यानें तो फुटला कीं त्यांतील सूक्ष्म कण खालीं श्वासनलिकांपर्यंत उतरतात, आणि शिंकांच्या जागीं दमा उभा राहतो.

हें ज्ञान सहजासहजीं मिळालेलें नाहीं. १८१९ सालीं जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्यानें स्वतःच्याच उन्हाळी पडशाची हकीकत लंडनच्या वैद्यांपुढें मांडली. त्या काळीं लोक या विकाराचा दोष ताज्या वाळलेल्या गवताच्या वासाला देत, आणि म्हणून त्याचें नांवही 'गवती ताप' असें पडलें. चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या वैद्याला हाच विकार होता. त्यानें वासावर विश्वास न ठेवतां निरनिराळ्या गवतांचा पराग स्वतःच्या नाकांत घालून पाहिला, कातडीवर ओरखडा काढून त्यावर पराग चोळून पाहिला, आणि चिकट कांचपट्ट्या हवेंत ठेवून त्यांवर पडणारे कण रोजच्या रोज मोजले. उंचावरील हवेंतील पराग पकडण्यासाठीं त्यानें पतंगही उडविले. ज्या दिवसांत कांचपट्टीवर कण अधिक, त्या दिवसांत त्याचा त्रासही अधिक, असें दिसून आलें. हें सर्व त्यानें १८७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं डी. डी. कनिंगहॅम या वैद्याचा कलकत्त्याच्या हवेंतील सूक्ष्म कणांवरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. म्हणजे हवेंत काय तरंगतें हें मोजून पाहण्याची रीति आपल्या देशालाही दीडशें वर्षांची जुनी आहे. ब्लॅकलीचा धडा आपण लक्षांत ठेवला पाहिजे. वासावरून चोर ठरवावयाचा नसतो. कण मोजून ठरवावयाचा असतो.

आतां या कसोटीवर आपल्या पुण्याच्या रस्त्यांवरील झाडें घासून पाहूं.

गुलमोहर तांबडा भडक, सोनमोहर पिवळा धमक. दोघेही फुलांचा सडा घालतात. पण त्यांचा पराग कीटक-पांखरांसाठीं आहे, वाऱ्यासाठीं नव्हे. ज्याला आपण पर्जन्यवृक्ष म्हणतों, त्याचे परागकण सुटे नसून अनेकांचा एकत्र पुंजका असतो. तो जड असल्यामुळें दूर जात नाहीं. काटेसावरीचा कापूस उन्हाळ्यांत खिडकींतून घरांत येतो तेव्हां आपण नाकाला पदर लावतों. पण तो पराग नव्हे, तीं बियांचीं विमानें आहेत. तो कापूस नाकाशीं गेला तर क्षणभर गुदगुल्या करील, पण वावड्याचें मूळ बहुधा तेथें नसतें.

राहिली सप्तपर्णी, म्हणजेच आपली सातवीण. तिचीं फुलें वासाच्या जोरावर कीटकांना बोलावतात. तिचा उग्र वास कित्येकांचें डोकें दुखवितो आणि ज्यांचें नाक किंवा छाती मूळचीच हळवी आहे त्यांना तो झोंबतो, हें खरें आहे. दम्याच्या रोग्याला उदबत्तीचा धूर किंवा अत्तर जसें बाधतें तसेंच हें. पण झोंबणें निराळें आणि वावडें निराळें. शिवाय आश्विन-कार्तिकांत हवेंत आणखी काय काय असतें तें पहा. पाऊस संपतांना माळरानावरील व मोकळ्या जागांतील सारीं गवतें तुऱ्यावर येतात, आणि गवतांचा पराग हा जगभर वावड्याच्या मुख्य कारणांपैकीं एक आहे. ओल्या भिंती व कुजत्या पाल्यावरील बुरशीचीं बीजें अजून उडत असतात. रात्री गार होऊं लागल्यामुळें धूर जमिनीलगत कोंडून राहतो, आणि त्यांत फटाक्यांच्या धुराची भर पडते. एवढे सगळे संशयित असतांना ज्याचा वास येतो त्यालाच पकडणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

मग खरे चोर कोण? झाडांपैकीं एकाचें नांव मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगें आहे, तें म्हणजे वावळा. याची पानें चुरगळलीं तर घाण वास येतो. माघ-फाल्गुनाच्या सुमारास याचीं पानें झडलेलीं असतात आणि उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके येतात. जाणारा-येणारा मान वर करून पाहत नाहीं, इतकीं तीं सामान्य दिसतात. पण पानांचा अडसर नसलेल्या त्या फांद्यांवरून वारा अमाप पराग उचलतो. पुढें चैत्रांत पापडीसारखीं चपटीं, गोल, पंखाचीं फळें सर्वत्र उडतात, आणि लोक दोष देतात तो त्या पापड्यांना. पराग तर केव्हांच येऊन गेलेला असतो! दिल्ली, जयपूर यांसारख्या शहरांत कातडीवरील चाचण्यांवरून वावळ्याचा पराग वावड्याचें एक ठळक कारण म्हणून ओळखला गेला आहे. तुती, तसेंच पडक जागेंत माजणारा एरंड, यांचा परागही वाऱ्यावर चालतो.

दुसरा चोर झाड नसून तण आहे, आणि त्याचा पुण्याशीं दुर्दैवानें जवळचा संबंध आहे. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत या नांवानें आपण ओळखतों तें मूळ अमेरिका खंडांतलें. भारतांत तें पसरत असल्याची पहिली शास्त्रीय नोंद १९५६ सालीं झाली, ती पुण्यांतूनच. त्याच्या स्पर्शानें कातडीला इसब होतें आणि परागानें नाक व छाती बिघडते. एकेक रोपटें हजारों बिया टाकतें. रस्त्याकडेला, रेल्वेच्या रुळांलगत, बांधकामासाठीं मोकळ्या पडलेल्या जागांत तें पांढऱ्या बारीक फुलांनीं डवरलेलें असतें. सप्तपर्णी तोडा म्हणून अर्ज करणाऱ्या गल्लींतच कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेंत हें गवत कमरेएवढें वाढलेलें असावें, आणि त्याविषयीं कोणीं अक्षरही लिहूं नये, हें दृश्य दुर्मिळ नाहीं.

तेव्हां ज्याच्या घरीं हा त्रास आहे त्यानें पहिली गोष्ट करावी ती ही कीं एक टिपणवही घालावी. कोणत्या तारखेस शिंका सुरू झाल्या, केव्हां थांबल्या, घरांत असतांना अधिक कीं बाहेर, पाऊस पडल्यावर कमी झाल्या कीं वाढल्या, आणि त्या आठवड्यांत आसपास काय फुललें होतें, हें दोन वर्षें लिहावें. आश्विन-कार्तिकांत येणारा त्रास बहुधा गवतांकडे व तणांकडे बोट दाखवितो; माघ-फाल्गुनांतला वावळ्याकडे. भर पावसांत, ओल्या घरांत वाढणारा त्रास बुरशीचा असण्याचा संभव अधिक. आणि जो त्रास बारा महिने, विशेषतः पहाटे अंथरुणांतून उठतांना होतो, त्याचा रस्त्यावरच्या झाडांशीं संबंध क्वचितच असतो. गाद्या-उशांतील धुळींत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे हें त्याचें नेहमींचें कारण आहे. अशी वही घेऊन वैद्याकडे गेल्यास त्याचें निम्में काम झालेलें असतें. पुढें तो कातडीवर निरनिराळ्या परागांचे अर्क टोंचून, किंवा रक्त तपासून, वावडें नेमकें कशाचें तें पाहूं शकतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. समजा, चाचणींत वावळाच सांपडला. मग तो तोडावा काय? येथें वाऱ्याचा स्वभाव पुन्हां आठवावा. वाऱ्यावरचा पराग कोसोगणती जातो. आपल्या दारचें एक झाड पाडलें तरी टेकडीवरच्या आणि शेजारच्या वस्तींतल्या झाडांचा पराग येतच राहतो. तेवढ्यासाठीं आपण चैत्र-वैशाखांतली सावली गमावतों, आणि वाहनांच्या धुरापुढें मात्र अधिक उघडे पडतों. डिझेलच्या धुराच्या कणांनीं परागाचें वावडें अधिक भडकतें असें प्रयोगांत आढळलें आहे. शिवाय शहरांतलें झाड कोणीं मनास येईल तेव्हां तोडावें असें नाहीं. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे, आणि त्याप्रमाणें आधीं परवानगी घ्यावी लागते.

परंतु याचा अर्थ कोणतें झाड कोठें लावावें याला महत्त्व नाहीं असा मुळींच नव्हे. एका शहराचा दाखला पुरेसा आहे. पाकिस्तानची राजधानी इस्लामाबाद १९६० नंतर नव्यानें वसविली गेली. उजाड जागा लवकर हिरवी व्हावी म्हणून तेथें कागदी तुती नांवाच्या परदेशी झाडाचें बीं मोठ्या प्रमाणावर पेरलें. झाड झपाट्यानें वाढलें, शहर हिरवें झालें. पण या झाडांत नर व मादी निराळीं असतात, आणि नर झाडें वाऱ्यावर पराग सोडतात. आतां तेथें मार्च महिन्यांत एका घनमीटर हवेंत परागकणांचा आंकडा ४०,००० च्याही वर गेलेला आहे. अमेरिकेंतील मोजणीच्या कोष्टकांत झाडांच्या परागाचे १,५०० हून अधिक कण आढळले तर तें प्रमाण 'अतिशय जास्त' समजतात. यावरून त्या आंकड्याची कल्पना यावी. त्या दिवसांत दम्याच्या रोग्यांनीं इस्पितळें भरतात. तीं झाडें तोडण्याच्या मोहिमा झाल्या, पण हें झाड तोडल्यावर मुळांपासून पुन्हां फुटतें. जें लावतांना एका दिवसाचा विचार पुरला असता, तें निस्तरतांना दशकें जात आहेत.

आपण यावरून काय घ्यावें? आहेत तीं झाडें राखावींत, पण नवीन लावतांना डोळे उघडे ठेवावेत. एकाच जातीची लांबच लांब रांग लावूं नये. मग तिचा पराग असो कीं वास, तो एकदम अंगावर येतो. सप्तपर्णीलाही हेंच लागू आहे. तिच्या एकट्या झाडाचा वास सुखद वाटतो, पण खिडक्यांखालीं पन्नास झाडें म्हणजे शेजाऱ्यांना शिक्षा होते. शाळा व इस्पितळें यांच्या कुंपणाशीं वाऱ्यावर पराग सोडणारीं झाडें नसावींत. वावळा आपल्या देशाचाच आहे. त्यानें टेकडीवर सुखानें नांदावें. रस्त्यासाठीं तामण, बहावा, कांचन, करंज, बकुळ अशीं कीटकांवर विसंबणारीं कितीतरी झाडें आपल्याजवळ आहेत. तामण तर महाराष्ट्राचें राज्यपुष्पच आहे. आणि गाजरगवत मात्र पावसाळ्यांत, फूल येण्यापूर्वीं, हातमोजे घालून, मुळासकट उपटावें. ज्या कागदावर झाड तोडण्यासाठीं सह्या होतात, त्याच कागदावर मोकळी जागा साफ करण्यासाठींही होऊं शकतात.

घरांत करावयाचे उपाय सोपे आहेत. आपल्या त्रासाच्या आठवड्यांत, कोरडा वारा सुटला असतां, सकाळीं ऊन चढेपर्यंत व दुपारीं खिडक्या मिटून घ्याव्यात. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा बरीच धुतली जाते, तेव्हां उघडाव्यात. बाहेरून आल्यावर तोंड, डोळे व केस धुवावेत. कपडे, विशेषतः अभ्रे व चादरी, त्या दिवसांत गच्चीवर वाळत घालूं नयेत. बाहेर जातांना नाक-तोंड झांकावें. औषधें वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावींत. हिस्टामिनविरोधी गोळ्या व नाकांत मारावयाचे फवारे यांनीं पुष्कळांचें निभतें. ज्यांचें निभत नाहीं, त्यांना त्याच परागाचा अर्क अगदीं अल्प मात्रेपासून चढत्या प्रमाणांत देऊन शरीराला सरावविण्याचा उपचार आहे. तो लिओनार्ड नून या वैद्यानें लंडन येथें १९११ सालीं प्रसिद्ध केला. त्याला तीनेक वर्षांचा धीर लागतो. आणि मुलाच्या श्वासाला शीळ वाजूं लागली, बोलतांना धाप लागली, तर वही आणि झाड दोन्ही बाजूस ठेवून तत्काळ वैद्याकडे जावें. दम्याशीं वाट पाहण्याचा खेळ खेळूं नये.

शाळेंतल्या मुलांकडून एक काम करवून घेण्याजोगें आहे. कांचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा, ती एक दिवस गच्चीवर उघडी ठेवावी आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पहावी. दर आठवड्यास एक पट्टी, याप्रमाणें वर्षभरांत बावन्न पट्ट्या होतील. कोठल्या महिन्यांत आपल्या वस्तीच्या हवेंत किती आणि कसे कण असतात, याचें एक पंचांगच त्यांतून तयार होईल. ब्लॅकलीला याहून अधिक साधनें नव्हतीं. असें पंचांग ज्या गल्लीजवळ आहे, तिच्या अर्जाला कचेरींत कांहीं वजन राहील. आणि तो अर्ज कोणत्या झाडाविरुद्ध करावा, किंवा करूं नये, हेंही तिला आधींच कळलेलें असेल.